मैदानावरची उतरंड

भारतीय फुटबॉलच्या इतिहासावर लिहिणारा जो तो २९ जुलै १९११ या तारखेपाशी थबकतो. त्या दिवशी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून कोलकात्याची आयएफए शील्ड जिंकली. बागानच्या अकरा जणांपैकी दहा अनवाणी; पायांत बूट होते ते एकट्या रेव्हरंड सुधीर चटर्जींच्या. गर्दी एवढी की मागच्यांना मैदान दिसेना, तेव्हा पतंग उडवून गोलांची खबर देण्यात आली. वंगभंगाचा निर्णय त्याच वर्षीच्या डिसेंबरात रद्द झाला, त्यामुळे या विजयाला राष्ट्रीय चळवळीची किनार आपोआप मिळाली. गोष्ट म्हणून तिच्यात काहीच उणं नाही. इतिहास म्हणून मात्र तिच्यावर जरा जास्तच भार पडला आहे. गोऱ्यांची मैदानावरची सद्दी त्या एका दुपारी मोडली, असं आपण धरून चालतो. पुरावा वेगळं सांगतो. ती सद्दी मोडली त्याच मैदानावर दर पावसाळ्यात चिखलात चालणाऱ्या साखळी स्पर्धेत, म्हणजे कलकत्ता फुटबॉल लीगमध्ये. आणि तिथेही खरा झगडा अजिंक्यपदाच्या करंडकासाठी कमी आणि दुसऱ्या डिव्हिजनमधून पहिलीत चढणाऱ्या अरुंद जिन्यासाठी जास्त झाला.

बाद पद्धतीची स्पर्धा आणि साखळी यांचा स्वभावच निराळा. बाद स्पर्धेत चार-पाच सामने जिंकले की शील्ड घरी. त्यात एखाद्या दिवशीची हवा, एखाद्या गोलरक्षकाची चूक, कोरडं राहिलेलं मैदान यांचा वाटा मोठा असतो. म्हणून हरणाऱ्याला दिलदार होता येतं. १९११ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रांनीही बागानचं कौतुक केलं. कौतुकाला खर्च येत नाही. साखळीत हे चालत नाही. तिथे हंगामभर प्रत्येक संघाशी गाठ पडते, उन्हाळ्याच्या कडक जमिनीवर आणि जुलैच्या राडीतही. त्या काळी जिंकलं तर २ गुण, बरोबरी झाली तर १, आणि शेवटी गुणतक्ता. चमत्काराला नमस्कार करून पुढे जाता येतं, तक्त्याच्या तळाशी गेलेलं आपलं नाव मात्र हंगामभर तिथेच राहतं. आता दोन्ही स्पर्धांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९११ नंतर शील्ड पुन्हा एखाद्या भारतीय संघाकडे यायला १९३६ साल उजाडलं; मधली चोवीस वर्षं ती गोऱ्या संघांकडेच फिरत राहिली, आणि १९३८ मध्ये तीच ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट ती पुन्हा घेऊन गेली. लीगचं उलट. १८९८ पासून १९३३ पर्यंत तिथे भारतीय विजेता एकही नाही. १९३४ मध्ये पहिला झाला आणि त्यानंतर आजतागायत एकही गोरा संघ लीगच्या शिखरावर चढला नाही. एका स्पर्धेत भिंतीला एकदा भगदाड पडलं आणि बुजलं; दुसऱ्या स्पर्धेत भिंतच राहिली नाही.

लीग सुरू झाली १८९८ मध्ये. चालवणारी संस्था इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच आयएफए, १८९३ ची. नावात ‘इंडियन’ असलं तरी कारभार साहेबांचा. पहिलं अजिंक्यपद ग्लॉस्टरशायर रेजिमेंटने मिळवलं. पुढची नावं बघितली तर लष्करी गॅझेट चाळल्यासारखं वाटतं: रॉयल आयरिश रायफल्स, हायलँडर्स, ब्लॅक वॉच, मधूनमधून कलकत्ता एफसी आणि डलहौसी हे गोऱ्या नोकरदारांचे, व्यापाऱ्यांचे क्लब. बंगाली क्लबांना शील्डमध्ये बोलावलं जाई, लीगमध्ये नाही. बाहेरच्याला जेवायला बोलावणं वेगळं आणि घरात बिऱ्हाड देणं वेगळं, तशातला हा प्रकार. शील्ड जिंकलेला मोहन बागानसुद्धा पुढची तीन वर्षं लीगच्या बाहेरच उभा होता. १९१४ मध्ये त्याला आणि आर्यन क्लबला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घेतलं गेलं, पुढच्या वर्षी बागान पहिलीत गेला, मग आर्यनही गेला. आणि दार तिथेच अडकलं. पहिल्या डिव्हिजनमध्ये भारतीय संघ दोनच असावेत, असा नियम होता. तिसरा कितीही चांगला खेळला तरी त्याला जागा नव्हती.

हे सगळं वसाहतीचं पाप, खुद्द इंग्लंडात मात्र शिडी सगळ्यांना मोकळी होती, असं कुणी म्हणेल. तेही पुरतं खरं नाही. इंग्लिश फुटबॉल लीग १८८८ मध्ये बारा क्लबांनी उभी केली, दुसरी डिव्हिजन १८९२ मध्ये आली. सुरुवातीला वर-खाली कोण जाणार ते चाचणी सामन्यांवर ठरे. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली यांची गाठ पडली. बरोबरी झाली तर दोघांचंही भागणार होतं. दोघांनीही चेंडू गोलकडे न नेण्याची पुरेपूर काळजी घेतली आणि सामना ०-० सुटला. त्या तमाशानंतर आपोआप बढती-घसरण लागू झाली. पण तीही वरच्या मजल्यांपुरतीच. लीगच्या सर्वांत खालच्या डिव्हिजनचं बाहेरचं दार १९८७ पर्यंत मतदानानेच उघडत होतं. तळाला गेलेले क्लब पुन्हा निवडून देण्याची विनंती करीत आणि इतर सभासद बहुतेक वेळा जुन्या ओळखीच्यांनाच मत देत. तेव्हा शिडीच्या मध्यावर अंकगणित आणि टोकांना समितीची मर्जी, ही पद्धत कोलकात्याने मायदेशातूनच उचलली होती. फरक इतकाच की मायदेशात ओळख पाहून मत पडे, इथे ओळखीच्या जागी कातडीचा रंग आला.

जिना कसा काम करीत होता हे समजायचं तर १९२४ चा हंगाम जवळून पाहायला हवा. ईस्ट बंगाल क्लब १९२० मध्ये स्थापन झाला. जोराबागान क्लबने एका पूर्वबंगाली खेळाडूला संघातून वगळलं, त्यावरून झालेल्या भांडणातून त्याचा जन्म. एका बंद पडलेल्या क्लबच्या रिकाम्या जागेवर तो दुसऱ्या डिव्हिजनमध्ये शिरला आणि १९२४ मध्ये तक्त्याच्या वरच्या टोकाला पोहोचला. त्याच्या बरोबरीला होता कॅमेरॉन पलटणीचा ‘बी’ संघ. मोठ्या पलटणी दोन-दोन संघ उतरवत, ‘ए’ पहिल्या डिव्हिजनमध्ये आणि ‘बी’ दुसरीत. एकाच पलटणीचे दोन संघ एका डिव्हिजनमध्ये खेळू शकत नाहीत, हा गोऱ्यांनीच केलेला नियम. म्हणजे ‘बी’ संघ कितीही जिंकला तरी वर जाऊ शकत नव्हता आणि बढतीचा हक्क ईस्ट बंगालकडे येत होता. पण वर दोन भारतीयांच्या जागा भरलेल्या. एक नियम दार उघडतो, दुसरा तेच दार लावतो. प्रश्न आयएफएच्या बैठकीत गेला. तिथे गोऱ्या क्लबांनी ईस्ट बंगालला वर घ्यायला संमती दिली आणि विरोध केला तो मोहन बागान व आर्यन यांनी, असं ईस्ट बंगालच्या इतिहासात नोंदवलेलं आहे. दोनची मर्यादा गेली, आणि २८ मे १९२५ रोजी पहिल्या डिव्हिजनमधल्या पहिल्या भेटीत ईस्ट बंगालने बागानला १-० हरवलं. आज ज्याला कोलकात्याची डर्बी म्हणून जग ओळखतं तिचा लीगमधला हा आरंभ.

शील्डच्या कथेत ‘आपण’ आणि ‘ते’ अशी सरळ फाळणी आहे. जिन्याच्या कथेत ती टिकत नाही. दोनच खुर्च्या असलेल्या खोलीत बसलेल्याला तिसऱ्याचं येणं नको वाटतं, कारण त्याची खुर्ची मोलाची असते ती दोनच आहेत म्हणून. बागानचा विरोध मला या अंगाने समजतो. त्यात बंगालच्या पूर्व-पश्चिम वादाचा, ‘घोटी’ आणि ‘बांगाल’ या चिडवाचिडवीचा भाग असेलच. पण मर्यादित जागांची उतरंड रचणाऱ्याला सर्वांत मोठा फायदा हाच मिळतो की वरून दुसऱ्या गाडग्यात बसलेला खालच्याला स्वतःच दाबून धरतो. महाराष्ट्राच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या संघात पालवणकर बाळू हा सर्वोत्तम गोलंदाज होता, १९११ च्याच इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी जातीमुळे संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते मिळालं त्याचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये. ती अडवणूक करणारेही साहेब नव्हते.

ईस्ट बंगाल १९२८ मध्ये पुन्हा खाली घसरला. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे भारतीय क्लबांनी माघार घेतली, हंगाम अर्धवट सुटला आणि वर चढायची त्याची संधी हुकली. १९३१ मध्ये ती साधली. या तीन वर्षांवर फारसं कुणी लिहीत नाही, पण साखळीची ताकद दिसते ती इथेच. खाली गेलेला संघ संपत नाही. त्याला पुढच्या वर्षी हिशेब चुकवता येतो.

मग आला मोहम्मदन स्पोर्टिंग. क्लब १८९१ चा, पण १९३३ पर्यंत दुसऱ्या डिव्हिजनच्या पलीकडे त्याची दखल नव्हती. त्या वर्षी त्याने दुसरी डिव्हिजन जिंकली, १९३४ मध्ये पहिलीत पाऊल ठेवलं आणि पहिल्याच हंगामात अजिंक्यपद घेतलं. पाठोपाठ १९३५, ३६, ३७ आणि ३८. १९३९ मध्ये लीगच्या कारभारावरून मोठं भांडण होऊन मोहम्मदन आणि ईस्ट बंगालसह चार क्लबांनी माघार घेतली आणि मोहन बागानला त्याचं पहिलं लीग अजिंक्यपद मिळालं, पहिल्या डिव्हिजनमध्ये आल्यानंतर चोविसाव्या वर्षी. १९४० आणि ४१ पुन्हा मोहम्मदन. म्हणजे आठ हंगामांत सात वेळा. या यशामागे जादू नव्हती. बंगालबाहेर, हैदराबाद-बंगळूरपासून वायव्य सरहद्दीपर्यंत, खेळाडू हेरून आणले गेले. पावसाळी मैदानावर बूट घालून खेळायची सवय लावली गेली, आणि हे फार मोठं होतं. अनवाणी पाय कोरड्या जमिनीवर चेंडूला माणसासारखं वागवतो, पण जुलैच्या गाऱ्यात तो घसरतो, आणि समोरून बुटांचा पाय आला की सोलवटतो. शील्डच्या एखाद्या सामन्यात कोरड्या हवेची आशा धरता येते. साखळीत अर्धा हंगाम पाण्यात जातो. अनवाणी पायांचा अभिमान बाजूला ठेवून कोलकात्याच्या हवामानाचा हिशेब करणारा पहिला मोठा भारतीय क्लब हा होता. १९११ च्या मिथकात अनवाणी पाय हाच नायक असल्यामुळे बुटांनी मिळवलेला हा विजय आपल्या आठवणीत धूसर राहिला असावा.

या मांडणीवर तीन आक्षेप घेता येतात. पहिला असा की १९११ झालं नसतं तर १९१४ मध्ये दार उघडलंच नसतं. हे मान्य. शील्डने लाज आणली, तिच्याशिवाय लीगचा दुसरा मजला भारतीयांना इतक्या लवकर मिळाला नसता. पण दार ठोठावणं आणि आत राहून घर ताब्यात घेणं ही दोन कामं आहेत, आणि दुसऱ्याला वीस वर्षं लागली. दुसरा आक्षेप: १९३४ पर्यंत पलटणी कमजोर झाल्या होत्या, त्यामुळे जिंकण्यात मोठं काही नव्हतं. पण त्याच्या लगेच आधीचे तीन हंगाम, १९३१ ते ३३, डरहॅम लाइट इन्फंट्रीने ओळीने जिंकले होते; मेलेल्या वाघाची ही शिकार नव्हती. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मोहम्मदनच्या विजयाने मैदानाची धर्मावर फाळणी केली, मुस्लिम लीगच्या पुढाऱ्यांनी त्या संघाचा झेंडा आपल्या खांद्यावर घेतला, आणि १९४७ मध्ये दंगलींमुळे लीगच होऊ शकली नाही. हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेटमध्ये संघच हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे बांधले होते. ती स्पर्धा १९४६ नंतर बंद झाली, आणि तिचं बंद होणंच योग्य होतं. कोलकात्याच्या लीगमध्ये धर्म प्रेक्षकांत होता, खेळाडूंच्या निवडीतही आला, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. म्हणून फाळणीनंतरही लीग उभी राहू शकली. १९४८ मध्ये, म्हणजे रक्त वाळलंही नव्हतं तेव्हा, मोहम्मदन पुन्हा अजिंक्य ठरला. आणि पूर्व बंगालच्या निर्वासितांनी ज्या ईस्ट बंगालला आपलं हरवलेलं घर मानलं, त्याच्या त्या काळच्या गाजलेल्या आघाडीच्या फळीत, ‘पंचपांडवां’त, एकही बंगाली नव्हता: साले, अप्पाराव, वेंकटेश, धनराज, अहमद खान.

आतापर्यंत वरच्या दोन मजल्यांबद्दलच बोललो. लीगचा पसारा खाली कितीतरी मोठा आहे; पाचव्या डिव्हिजनपर्यंत शंभराहून अधिक क्लब. त्यांची नावं वाचली तरी शहराचा नकाशा उलगडतो. मूर्तिकारांच्या वस्तीतला कुमारटुली, गोदीकडचा खिदिरपूर, कालीघाट, भवानीपूर, तालतला. मग कस्टम्स, पोलीस, पोर्ट ट्रस्ट, ईस्टर्न रेल्वे, बीएनआर. तारयंत्राचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचा जॉर्ज टेलिग्राफ, मारवाडी मंडळींच्या पाठबळावरचा राजस्थान क्लब. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ पाहणाऱ्याला ही रचना परकी वाटणार नाही. तिथेही पेठेची ईर्ष्या गुणतक्त्यात उतरते. मैदानाची जमीन लष्कराची, पक्कं बांधकाम करायला मनाई, त्यामुळे शंभर वर्षांचे जुने क्लबही आपल्या कचेरीला आजही तंबूच म्हणतात. मोठ्या क्लबांची मैदानं कुंपणाची, बंगालीत ‘घेरा माठ’; खालच्या डिव्हिजनचे सामने उघड्या मैदानावर. तिकीट न मिळालेली माणसं किल्ल्याच्या बाजूच्या चढावर उभी राहत, आणि पुठ्ठ्याच्या नळीत दोन आरसे बसवून केलेल्या पेरिस्कोपमधून डोक्यांवरून खेळ बघत.

या खालच्या मजल्यांवर फुटबॉल म्हणजे नोकरी होती. रेल्वेच्या, बंदराच्या, पोलिसांच्या संघात जागा मिळणं म्हणजे पगार, क्वार्टर आणि निवृत्तिवेतन. पी. के. बॅनर्जी, १९६० च्या रोम ऑलिम्पिकमधला भारताचा कर्णधार, तिन्ही मोठ्या क्लबांपैकी एकाकडेही खेळला नाही. तो ईस्टर्न रेल्वेचाच राहिला, आणि १९५८ मध्ये त्या संघाने लीग जिंकली. पण जिथे घसरण म्हणजे नामुष्की आणि पैशांचा तोटा, तिथे हिशेबही वाकवले जातात. हंगामाच्या शेवटी एकाला गुण हवा असतो, दुसऱ्याचं काही बिघडत नसतं, आणि सामना ठरवून सुटतो. कोलकात्यात याला ‘गॉट-आप’ खेळ म्हणतात, शब्द इंग्रजी पण अर्थ पक्का स्थानिक. स्टोक आणि बर्नलीची ती दुपार इथे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मैदानावर येत असे. त्यावरचा आयएफएचा उपाय रोगाहून वाईट: अनेक हंगामांत ‘ओठा-नामा बंद’, म्हणजे चढणं-उतरणंच रद्द. घसरण नाही म्हणजे भीती नाही, भीती नाही म्हणजे हंगामाचा शेवट बेचव. आणि ज्या शिडीने १९२५ ते १९३४ या काळात सत्ता उलथवली, तिच्या पायऱ्या वापराविना गंजू लागल्या.

ईस्टर्न रेल्वेनंतर तीन मोठ्या क्लबांच्या बाहेरचा विजेता पाहायला २०१९ उजाडावं लागलं. त्या वर्षी पीअरलेस संघ जिंकला. एकसष्ट वर्षं. ज्यांना आत येण्यासाठी कधी झगडावं लागलं होतं, त्यांनी गोऱ्यांपेक्षा अधिक काळ शिखर अडवून धरलं. ईस्ट बंगालने १९७० ते ७५ सहा वेळा ओळीने आणि २०१० ते २०१७ आठ वेळा ओळीने लीग जिंकली. क्लबच्या दृष्टीने हा पराक्रम, लीगच्या दृष्टीने रोगाचं लक्षण. पैसा, प्रेक्षक, नोकऱ्या देणारे पाठीराखे आणि हंगामाआधी खेळाडूंना लपवून ठेवून थेट आयएफएच्या कचेरीत सहीला उभं करण्याची ताकद, हे सगळं तिघांकडेच होतं. नियमात दोनची मर्यादा उरली नव्हती. व्यवहारात तीनची आली.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, फ्रँचायझीच्या पैशाने जागा विकत घेऊन. बढती नाही, घसरण नाही. २०२० मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तिकडे गेले, आणि २०२१ मध्ये कलकत्ता लीगमध्ये उतरलेच नाहीत. त्या वर्षी मोहम्मदनने चाळीस वर्षांनी ही लीग जिंकली. मग २०२२ आणि २०२३ मध्येही. आयएसएलला खालून एक पायरी जोडली गेली ती २०२३ मध्ये. खालच्या पातळीवरची आय-लीग जिंकणाऱ्याला वर घ्यायचं ठरलं, आणि २०२३-२४ ची आय-लीग जिंकून वर गेला तो पुन्हा मोहम्मदन स्पोर्टिंगच. १९३३-३४ सारखा चमत्कार झाला नाही. पहिल्या हंगामात तो शेवटचा आला. घसरणीचा नियमच नसल्याने शेवटच्या क्रमांकासाठी खाली जायची पायरी नव्हती. तिकडे कलकत्ता लीगमध्ये २०२३ पासून प्रीमियरचे, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनचे, दोन गट एकत्र करून सव्वीस संघ खेळू लागले. त्यात मोठ्या क्लबांचे संघ असतात, पण बहुतेक राखीव आणि तरुण खेळाडूंचे. शंभर वर्षांपूर्वी कॅमेरॉन पलटण आपला ‘बी’ संघ जिथे पाठवत होती, त्याच मैदानावर.